मोडीतल्या मोटरीची जबानी

सरकारी कचेरी असो, सहकारी बँक असो की एखाद्या वकिलाचे दप्तर असो, तेथील यंत्रांचे आयुष्य अंगच्या झिजेपेक्षा हिशेबातल्या घसाऱ्यानेच अधिक वेळा संपते. आणि म्हणून ज्या दिवशी एखादा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फॅक्स यंत्र किंवा फोटोकॉपी यंत्र ‘निर्लेखित’ असा शेरा घेऊन जिन्याखालच्या कोनाड्यात जाऊन पडते, त्या दिवशी त्याच्या पोटातील कित्येक अवयव पूर्वीइतकेच कामास लायक असतात. प्लॅस्टिकचे कवच पिवळे पडलेले असते, रबरी रूळ कडक झालेले असतात, बोर्डावरच्या एखाद्या चिपची सद्दी संपलेली असते. परंतु या साऱ्याच्या तळाशी एक वस्तू अशी असते की जिच्यात घासणारा ब्रश नाही, ठिणगी पाडणारा कम्युटेटर नाही आणि बेअरिंगखेरीज झिजण्यासारखे दुसरे काहीच नाही. ही वस्तू म्हणजे स्टेपर मोटर. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ती तांब्याच्या आणि लोखंडाच्या भावाने फोडली जाताना पाहिली म्हणजे जीव हळहळतो, कारण इतक्या अचूकपणे घडवलेले यंत्र इतक्या स्वस्तात सामान्य माणसाच्या हाती येण्याचा दुसरा मार्ग नाही.

अशी मोटर हाती आली म्हणजे पहिली अडचण कागदपत्रांची. नवी मोटर घेतली तर तिच्याबरोबर तिचा तपशील छापील मिळतो. मोडीतून आलेल्या मोटरीच्या पाठीवर मात्र बहुधा एक क्रमांक तेवढा असतो, आणि तो प्रिंटर बनवणाऱ्याने स्वतःच्या भांडारासाठी दिलेला असल्यामुळे बाहेरच्या दप्तरात त्याची नोंद सापडत नाही. क्वचित दैव अनुकूल असते. जपानच्या मिनेबिया कंपनीच्या पत्र्याच्या कवचाच्या मोटरींवर ‘पीएम ३५ एस–०४८’ असे काही छापलेले असते, आणि स्थायी चुंबकाची, ३५ मिलिमीटर व्यासाची, एका फेऱ्यात ४८ पावले टाकणारी ही मोटर आहे, एवढा बोध त्यावरून सरळ होतो. परंतु असा दाखला नसला म्हणून मोटर टाकून देण्याचे कारण नाही. एखाद्या अनोळखी साक्षीदाराला योग्य क्रमाने प्रश्न विचारले असता त्याच्याकडून सारी हकिकत काढून घेता येते, तशीच या मोटरीकडूनही एक साधा मल्टिमीटर, विद्युत्दाब कमीजास्त करता येणारा एक पुरवठा आणि थोडी सबुरी एवढ्या सामग्रीवर तिची जबानी घेता येते. आणि ती जबानी नीट उतरवून घेतली म्हणजे मोटरीला किती व्होल्ट द्यावेत हा जो पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी येतो, तोच मुळात गौण आहे आणि खरा प्रश्न किती अँपिअर द्यावेत हा आहे, हे ध्यानात येते.

साधी मोटर वीज मिळताच फिरू लागते आणि वीज तोडीपर्यंत फिरत राहते. तिने किती फेरे घेतले हे जाणायचे तर मोजणीचे दुसरे साधन तिच्याशेजारी बसवावे लागते. स्टेपर मोटरीचा स्वभाव याच्या अगदी उलट. तिच्या वेटोळ्यांत प्रवाह सोडला की तिचा दांडा फिरण्याऐवजी एका ठराविक जागी घट्ट धरला जातो, आणि वेटोळ्यांतील प्रवाहाचा क्रम बदलला म्हणजे तो तेथून नेमके एक पाऊल सरकून पुन्हा तसाच घट्ट उभा राहतो. शंभर वेळा क्रम बदलला तर शंभर पावले. हुकूम आणि तामील यांच्यामधील हे एकास एक नाते हाच या मोटरीचा सारा गुण आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे तिची एक मर्यादाही त्यातूनच निघते.

कार्यालयीन यंत्रांत हिचे दोन प्रकार आढळतात. पहिला पत्र्याच्या चपट्या कवचाचा: आत अनेक ध्रुव उमटवलेला चुंबकाचा नळकांड्यासारखा रोटर, आणि बाहेर पत्र्याचेच वाकवलेले दाते. ही मोटर बहुधा फेऱ्याला ४८ पावले, म्हणजे पावलाला ७.५ अंश चालते. दुसरा प्रकार संकरित मोटरीचा. ती चौकोनी, जड आणि किमती असते. तिच्या रोटरमध्ये दांड्याच्या दिशेने चुंबकित केलेला एक चुंबक असून त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी दंतचक्रे बसवलेली असतात. प्रत्येक चक्रावर ५० दाते असतात, आणि एका चक्राचे दाते दुसऱ्याच्या दात्यांच्या बरोबर मधल्या फटीसमोर येतील अशा बेताने ती अर्ध्या दात्याने फिरवून बसवलेली असतात. प्रत्येक पावलाला रोटर एका दात्याच्या अंतराच्या चौथ्या हिश्शाइतका सरकतो. ३६० अंशांना ५० ने भागले म्हणजे ७.२, आणि त्याचा चौथा भाग १.८ अंश; म्हणून फेऱ्याला २०० पावले. रोटर आणि बाहेरचा स्थिर भाग, म्हणजे स्टेटर, यांच्यामधील हवेची फट अगदी बारीक असते, आणि एखाद्या पावलात झालेली किंचित चूक पुढच्या पावलात साचत जात नाही, हे तिचे मोठे भाग्य. अशी मोटर उघडून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. रोटर बाहेर काढताच चुंबकाचा परिपथ तुटतो, आणि विशेषतः जुन्या ॲल्निको चुंबकांच्या मोटरींत चुंबकत्वाचा मोठा अंश कायमचा नाहीसा होतो. मग मोटर कितीही काळजीने पुन्हा जुळवली तरी तिचे बळ परत येत नाही.

या कल्पनेचा उगम कचेरीत झालेला नाही. दातेरी रचनेने पाऊल लहान करण्याची युक्ती स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या सी. एल. वॉकर यांनी १९१९ च्या सुमारास पेटंटात मांडली, आणि पुढच्या दशकात ब्रिटिश युद्धनौकांवर तोफा व पाणतीराच्या नळ्या दुरून वळवण्यासाठी स्टेपर मोटरींचा उपयोग होऊ लागला. आज ज्या संकरित मोटरी आपण प्रिंटरांतून काढतो त्यांचा पूर्वज मात्र पावले टाकण्यासाठी जन्मलाच नव्हता. १९५२ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या फायरटाग आणि डोनाहो यांना ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, ते प्रत्यावर्ती विजेवर संथ व एकसारख्या गतीने फिरणाऱ्या मोटरीचे होते. अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेवर ५० दात्यांची ही मोटर मिनिटाला ७२ फेरे घेते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. म्हणून ट्रान्सफॉर्मरने सुरक्षित दाबावर आणलेली वीज एका वेटोळ्याला सरळ आणि दुसऱ्याला योग्य कपॅसिटरमधून दिली, तर मोडीतून काढलेली २०० पावलांची कोणतीही संकरित मोटर सेकंदाला बरोबर एक फेरा घेते. ज्याला यंत्राच्या अंगच्या गणिताची गोडी आहे, त्याने हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा.

कचेरीला या मोटरीची निकड का भासली, हे फॅक्स यंत्राच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय तार-दूरध्वनी सल्लागार समितीने तिसऱ्या गटातील फॅक्सचे जे नियम ठरवले, त्यांनुसार पानाची प्रत्येक आडवी रेघ १७२८ ठिपक्यांची आणि उभ्या दिशेने मिलिमीटरला ३.८५ रेघा असे प्रमाण होते. ठिपके जसेच्या तसे पाठवायचे नसून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या लांबीला सांकेतिक अंक देऊन पाठवायचे होते, आणि त्यामुळे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. अक्षरांनी गजबजलेल्या रेघेला शेकडो अंक लागत. पूर्ण कोऱ्या रेघेचे काम मात्र ९ आणि ८ मिळून १७ अंकांत आणि रेघ संपल्याच्या १२ अंकांच्या खुणेसह २९ अंकांत भागे. सेकंदाला ९६०० अंकांच्या वेगाने ही कोरी रेघ तीन मिलिसेकंदांत येऊन पोहोचणार. पण पलीकडच्या यंत्रातील मोटरीने तेवढ्या वेळात कागद एक रेघ पुढे कसा सरकवावा? म्हणून नियमातच अशी तरतूद झाली की कोणतीही रेघ सामान्यतः २० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळात संपू नये. अधिक चपळ यंत्रांना १०, ५ किंवा शून्य आणि मंद यंत्रांना ४० मिलिसेकंदांची मुभा संभाषणाच्या आरंभीच मागता यावी. आणि रेघ लवकर संपलीच तर पाठवणाऱ्याने उरलेला वेळ निव्वळ शून्ये पाठवून भरून काढावा. रेघा अनियमित अंतराने येणार, कधी थांबावे लागणार, कधी पळावे लागणार, आणि तरी प्रत्येक वेळी कागद पाव मिलिमीटरहून थोडा अधिक एवढाच सरकला पाहिजे: अशा कामाला स्टेपर मोटरीइतका योग्य चाकर नव्हता, आणि त्या चाकराच्या पायांची गती टेलिफोनच्या तारेवरून जाणाऱ्या मजकुराच्या कायद्यात नमूद झाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरातही अशीच मापे मोटरीच्या अंगी मुरलेली असतात. एप्सनच्या नऊ सुयांच्या प्रिंटरांत कागद सरकवण्याचे सर्वांत लहान माप इंचाचा २१६ वा भाग होते. सुयांमधील अंतर इंचाचा ७२ वा भाग, म्हणजे अशी तीन मापे. आणि इंचाला सहा ओळींचे नेहमीचे टंकन म्हणजे ओळीमागे ३६ मापे. म्हणून कागद ओढणारी मोटर काढताना तिच्याबरोबरची दंतचक्रेही काढून घ्यावीत. त्यांचे दाते मोजले असता यंत्राच्या रचनाकाराने केलेला हिशेब आपल्याला उलट दिशेने वाचता येतो. सुयांचे मुंडके आडवे ओढणाऱ्या मोटरीच्या दांड्यावर अनेकदा २.०३२ मिलिमीटर अंतराच्या दात्यांच्या पट्ट्याची पुली ठोकून बसवलेली असते. ती उपटू नये, पट्ट्यासकट तशीच घ्यावी. तिच्यावर २० दाते असतील तर एका फेऱ्यात पट्टा ४०.६४ मिलिमीटर आणि २०० पावलांच्या मोटरीच्या एका पावलात सुमारे ०.२ मिलिमीटर चालतो, आणि लहानसे रेखाटन यंत्र बनवण्यास एवढी सूक्ष्मता पुरून उरते. शाईच्या फवाऱ्याच्या अलीकडच्या प्रिंटरांत मात्र निराशा होण्याचा संभव अधिक, कारण त्यांत साधी मोटर आणि बारीक रेघांची पारदर्शक पट्टी यांच्यावरच बरेचसे काम भागवलेले असते.

यंत्र उघडण्यापूर्वी एक गोष्ट गांभीर्याने सांगितली पाहिजे. प्रिंटर व फोटोकॉपी यंत्रांच्या वीजपुरवठ्यात घरगुती २३० व्होल्टची वीज प्रथम एकदिश करून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते, आणि तेथील दाब ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. तार भिंतीतून काढल्यावरही हा साठा काही वेळ टिकू शकतो, म्हणून त्या कपॅसिटरचा दाब मीटरने मोजून तो उतरल्याची खातरजमा झाल्याशिवाय त्या भागाला हात लावू नये. फोटोकॉपी यंत्रातील टोनरची पूड फुंकरीने उडवू नये, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. कोरड्या फडक्याने पुसून अंगावर उडाली असल्यास थंड पाण्याने धुवावी, कारण गरम पाण्याने ती वितळून चिकटते. एवढे सांभाळले तर बाकी काम स्क्रूड्रायव्हरचे. मोटर काढताना तारा कनेक्टरापासून तोडू नयेत, कनेक्टर तारांसह घ्यावा. आणि २४ व्होल्टचा पुरवठा सुस्थितीत असेल तर तोही जपून ठेवावा, त्याची गरज पुढे लागणार आहे.

आता जबानी. पहिला प्रश्न तारांचा. चार तारा असतील तर आत दोन स्वतंत्र वेटोळी आहेत. मल्टिमीटरने ज्या दोन तारांत रोध दिसतो ती एक जोडी, उरलेली दुसरी. मीटर जवळ नसला तरी अडत नाही: दोन तारांची उघडी टोके एकमेकांना चिकटवून दांडा बोटांनी फिरवावा, पूर्वी चुंबकाच्या हलक्या ओढीने टकटक करीत फिरणारा दांडा एकाएकी जड झाला, जणू आतून कोणी धरून ठेवला, तर त्या दोन तारा एकाच वेटोळ्याच्या आहेत. दांडा फिरवल्याने त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, टोके जोडलेली असल्यामुळे तिचा प्रवाह वाहतो, आणि तो प्रवाह फिरण्यालाच विरोध करतो. लेंझच्या नियमाचा इतका प्रत्यक्ष अनुभव बोटांच्या टोकाला दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने मिळत असेल असे वाटत नाही.

सहा तारांची मोटर म्हणजे प्रत्येक वेटोळ्याच्या मध्यातून एक तार बाहेर आणलेली. येथे तारांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, आणि गटात दोन टोकांमधील रोध टोक आणि मध्य यांच्यामधील रोधाच्या दुप्पट भरतो. १२ आणि ६ ओहम अशी नोंद आली की मध्य कोणता हे कळले. वेटोळे एक-दोन ओहमचेच असेल तर मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा करावा, नाहीतर हिशेब चुकतो. आठ तारांची मोटर म्हणजे चार सुटी वेटोळी. ती फारशी भेटत नाही.

खरी परीक्षा पाच तारांच्या मोटरीची. तिच्यात दोन्ही मध्य आतल्या आत एकत्र जोडलेले असतात, आणि सामाईक तार चटकन ओळखता आली तरी उरलेल्या चार टोकांपैकी कोणते कोणाच्या समोरचे, हे रोधावरून मुळीच कळत नाही. कोणतीही दोन टोके घ्या, रोध तोच. येथे मोटरीलाच बोलते करावे लागते. दांड्याला कागदाची एक लहान पट्टी चिकटवून बाणासारखी करावी. सामाईक तार पुरवठ्याच्या धन टोकाला जोडावी, चारांपैकी एक तार ऋण टोकाला कायम जोडून ठेवावी, आणि मग उरलेल्या तिन्हींना एकेक करून ऋण टोकाचा स्पर्श द्यावा. एका स्पर्शाला बाण किंचित उजवीकडे वळेल, दुसऱ्या स्पर्शाला किंचित डावीकडे. आणि तिसऱ्या स्पर्शाला तो जागचा हलणार नाही, कारण ती तार पहिल्या तारेच्याच वेटोळ्याचे दुसरे अर्ध असून दोघांचे चुंबकत्व परस्परांना मारक ठरते. एवढ्यावरून चारही तारांचा क्रम निश्चित होतो, आणि तो क्रम कागदावर रंगांसह लिहून मोटरीलाच बांधून ठेवावा.

दुसरा प्रश्न प्रवाहाचा. आणि येथेच पुष्कळ लोक फसतात. मोटर १२ व्होल्टच्या यंत्रातून निघाली म्हणून ती १२ व्होल्टची, असा तर्क करणे बरोबर नाही. मोटरीचे परिबल वेटोळ्यातील प्रवाहावर अवलंबून असते, आणि तिला इजा होते ती प्रवाहाने उत्पन्न झालेल्या उष्णतेमुळे. तेव्हा मर्यादा शोधायची ती उष्णतेची. ४२ मिलिमीटर बाजूची चौकोनी मोटर पूर्ण प्रवाहावर दोन्ही वेटोळी मिळून सामान्यतः आठ ते दहा वॅट उष्णता टाकते. अनोळखी मोटरीबाबत निम्म्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे. समजा वेटोळे ५ ओहमचे आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, आणि अशी वेटोळी दोन, तर ०.७ अँपिअरला एकूण उष्णता पाच वॅटच्या जवळ येते. तेवढा प्रवाह दोन्ही वेटोळ्यांत सोडून मोटर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी आणि कवचाचे तापमान पाहावे. हात क्षणभरच टिकेल इतकी, म्हणजे साठ अंशांच्या आसपास ती तापली, तर घाबरण्याचे कारण नाही. या मोटरी उष्ण चालण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि त्यांच्या निरोधकाची सहनशक्ती याहून पुष्कळ अधिक असते. परंतु मोटर जर त्रिमितीय छपाईने बनवलेल्या प्लॅस्टिकच्या भागावर बसवायची असेल, तर त्या प्लॅस्टिकची सहनशक्ती हीच खरी मर्यादा मानावी.

प्रवाह ठरला म्हणजे मग तो देणार कसा? सर्वांत साधा मार्ग यूएलएन २००३ या जुन्या आणि विश्वासू चिपचा. तिच्यात सात स्वतंत्र ट्रान्झिस्टर-जोड्या असून प्रत्येकीची क्षमता ५०० मिलिअँपिअर आणि ५० व्होल्टची आहे. पाच किंवा सहा तारांच्या लहान मोटरीचे सामाईक टोक पुरवठ्याला आणि चार टोके या चिपला जोडली की काम होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: वेटोळ्याच्या एका अर्धात प्रवाह सोडताच दुसऱ्या अर्धाच्या टोकाशी दाब पुरवठ्याच्या दुपटीवर जातो, म्हणून ५० व्होल्टची चिप २४ व्होल्टच्या वर चालवू नये.

परंतु या साध्या मार्गाने मोटर हळूहळू चालते तोवर ठीक. वेग वाढवू लागले की तिचे बळ ओसरते आणि ती जागच्या जागी कुरकुरत थरथरू लागते. याचे कारण काळाचे आहे. वेटोळ्याला स्वप्रवर्तन असते, म्हणजे प्रवाहातील बदलाला ते विरोध करते. आपल्या ५ ओहमच्या वेटोळ्याचे प्रवर्तन १० मिलिहेन्री असेल तर त्याचा कालांक दोन मिलिसेकंद येतो. आणि ज्या ३.५ व्होल्टवर ०.७ अँपिअर वाहतात तेवढाच दाब दिला, तर दोन मिलिसेकंदांत प्रवाह जेमतेम ६३ टक्क्यांवर पोहोचतो. सेकंदाला ५०० पावले टाकायची तर प्रत्येक पावलाच्या वाट्याला तेवढाच वेळ. मग बळ कोठून येणार? हाच प्रवाह २४ व्होल्टचा दाब देऊन चढवला तर ०.७ अँपिअर गाठायला तीन-दशांश मिलिसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. मात्र दाब तसाच ठेवला तर प्रवाह पाच अँपिअरकडे धावेल आणि वेटोळे जळेल. म्हणून दाब मोठा द्यायचा, आणि प्रवाह इष्ट मर्यादेला पोहोचताच पुरवठा सेकंदाला हजारो वेळा तोडजोड करून त्या मर्यादेवर धरून ठेवायचा, हा उपाय निघाला. असे प्रवाह-नियामक चालक कचेरीतल्या यंत्रांतही होतेच. जुन्या प्रिंटरांच्या बोर्डावर सांकेन कंपनीच्या एसएलए ७०२४ सारख्या चिपा पाहायला मिळतात. ‘साडेतीन व्होल्टची’ मोटर २४ व्होल्टवर निर्धास्त चालते, हे ऐकून जो दचकतो त्याने एवढा परिच्छेद सावकाश पुन्हा वाचावा.

आज हे काम नखाएवढ्या ए ४९८८ या चिपेच्या तयार बोर्डाने होते. ते चार तारांच्या मोटरीसाठी आहे; सहा तारांची मोटर असेल तर मधल्या दोन तारा मोकळ्या सोडून टोकांच्या चार तारा जोडाव्यात. वेटोळे पूर्ण वापरल्यामुळे तेवढ्याच उष्णतेत संथ गतीला परिबल १.४ पट मिळते, मात्र प्रवर्तन चौपट झाल्याने वेगाची कमाल मर्यादा खाली येते. बोर्डावरचा लहान स्क्रू फिरवून जो संदर्भ-दाब मिळतो त्यावर प्रवाह ठरतो: प्रवाह गुणिले आठ गुणिले मापनरोध. मापनरोधावर ‘आर १००’ असे लिहिलेले असेल तर तो ०.१ ओहमचा, आणि ०.७ अँपिअरसाठी संदर्भ-दाब ०.५६ व्होल्ट ठेवावा. निरनिराळ्या बोर्डांवर हा रोध निरनिराळा असतो, म्हणून तो वाचल्याशिवाय सूत्र वापरू नये. पुरवठ्याच्या टोकांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अवश्य डाखावा. आणि चालक चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये, कारण तुटलेला प्रवाह ज्या दाबाने उसळतो तो चिपेचा क्षणात नाश करतो.

या बोर्डाला हुकूम द्यायला दोनच तारा लागतात: एकीवर दिशा, दुसरीवर प्रत्येक पावलासाठी एक ठोका. हा शिरस्ताही जुनाच आहे. फ्लॉपी ड्राइव्हच्या ३४ टोकांच्या कनेक्टरात १८ व्या टोकावर दिशा आणि २० व्यावर पाऊल असे. १९७६ च्या शुगार्ट एसए ४०० या ड्राइव्हचे मुंडके याच रीतीने एका वर्तुळातून दुसऱ्यात ४० मिलिसेकंदांत जाई. ज्याला चालक जोडण्याचा सराव अद्याप नाही, त्याने साडेतीन इंची जुना ड्राइव्ह न उघडता घ्यावा, त्याला पाच व्होल्ट द्यावेत, १२ वे टोक भूतारेला जोडून तो निवडावा आणि २० व्या टोकाला क्षणोक्षणी भूतारेचा स्पर्श द्यावा. आतील मोटर पाऊल-पाऊल चालताना दिसेल.

मोटर चालू लागली तरी दोन खोडी उरतात. सेकंदाला पन्नास ते दोनशे पावलांच्या दरम्यान कोठेतरी तिचे अंग कापू लागते, आवाज वाढतो आणि कधी ती उलटही फिरते. हे अनुनादाचे लक्षण असून पावलाचे आठ किंवा सोळा भाग करून चालवल्याने, किंवा दांड्यावर थोडे वजन आल्याने, ते पुष्कळ शमते. दुसरी खोड अशी की उभ्या स्थितीतून एकदम मोठ्या वेगाचा हुकूम दिला तर तिचा रोटर चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडतो आणि ती अडकते. म्हणून सुरुवातीचे ठोके विरळ देऊन ते क्रमाक्रमाने दाट करावेत, आणि थांबवतानाही तसेच विरळ करीत आणावेत.

एवढी काळजी घेतली तरी एक मूलभूत उणीव राहतेच. हुकूम जातो, पण तामील झाल्याचा अहवाल परत येत नाही. मध्ये काही अडथळा आला आणि चार पावले चुकली, तर चालकाला त्याचा पत्ता नसतो. तो आपला जुन्या हिशेबाने पुढचे ठोके देत राहतो. मूळ यंत्राच्या रचनाकारांनी यावर जो उपाय योजला होता तो त्याच मोडीत पडलेला असतो. प्रिंटर चालू करताच त्याचे मुंडके प्रथम एका कडेला जाऊन येते, ते तेथे बसवलेल्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या प्रकाशसंवेदकाची भेट घेण्यासाठी; मुंडक्याची पाकळी त्या फटीत शिरून प्रकाश अडला की ती जागा शून्य धरायची. मोटरीबरोबर हा संवेदकही काढून घ्यावा. त्याच्या दिव्याला पाच व्होल्टवरून २२० ओहमच्या रोधातून प्रवाह द्यावा, ग्राहक ट्रान्झिस्टरच्या वरच्या टोकाला दहा हजार ओहमचा रोध लावून तेथील दाब वाचावा. आणि शून्य गाठताना प्रथम वेगाने जवळ जाऊन, थोडे मागे येऊन, मग एकेक पाऊल टाकीत पुन्हा त्याच दिशेने फटीत शिरावे, म्हणजे पट्ट्याचा आणि दंतचक्रांचा सैलपणा दर वेळी एकाच बाजूला राहतो.